श्रीधरला पत्र : पाप, कृपा आणि तारण यांविषयी

नगर

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या पत्रातला राग मला मनापासून आवडला. इतक्या वर्षांच्या मैत्रीत आपण राजकारणापासून क्रिकेटपर्यंत सगळ्यावर कडाडून भांडलो. पण माझ्या श्रद्धेचा विषय निघाला की तू नेहमी सभ्यपणे गप्प बसायचास, आणि तो सभ्यपणा मला थोडा परकाच वाटत असे. या वेळी तू स्पष्ट लिहिलेस. जिने जन्मभर पंढरीची वारी केली आणि दारी आलेल्याला कधी उपाशी पाठवले नाही, त्या तुझ्या आजीलाही 'पापी' म्हणणारा धर्म तुला उद्धट वाटतो. आणि आयुष्यभर लोकांना लुबाडलेला माणूस शेवटच्या घटकेला येशूवर विश्वास ठेवून तरतो, ही तुला न्यायाची थट्टा वाटते. हे दोन आक्षेप वरवर वेगळे दिसले, तरी माझ्या मते ते एकाच मुळातून आले आहेत: तारण, म्हणजे पापातून सुटका, हे कमावण्याचे असते, असे तू गृहीत धरले आहेस. ख्रिस्ती शिकवणीचा सगळा भार नेमका त्या गृहीतकाच्या विरुद्ध बाजूला आहे, म्हणून हे पत्र लांबणार.

प्रथम पापाविषयी. ही कल्पना उथळ करण्यात आम्हा ख्रिस्ती लोकांचा वाटा मोठा आहे. आमच्या कितीतरी प्रवचनांत पाप म्हणजे दारू, तंबाखू, जुगार आणि रविवारची चुकवलेली उपासना, अशी यादी ऐकू येते, आणि त्या यादीतले काहीच न करणारा श्रोता निश्चिंत मनाने घरी जातो. येशूचा प्रेषित पौल याने रोमकरांस, म्हणजे रोममधल्या ख्रिस्ती लोकांना, लिहिलेल्या पत्रात मात्र कोणालाही असे निश्चिंतपणे जाता येत नाही. पहिल्या अध्यायात तो मूर्तिपूजक जगाच्या अनाचाराचे असे वर्णन करतो की सोवळा वाचक मान डोलावू लागतो. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभीच तो त्या मान डोलावणाऱ्याकडे वळतो आणि दुसऱ्याचा न्याय करणाऱ्या तुझे काय, असे विचारतो. आणि तिसऱ्यात सर्वांना एकाच रांगेत उभे करतो. पुढे सातव्या अध्यायात तर तो स्वतःविषयीच लिहितो की, जे चांगले करावेसे वाटते ते माझ्या हातून होत नाही आणि जे नकोसे वाटते तेच होते. नियम माहीत नसणे ही त्याची अडचण नाही. नियम त्याला पाठ आहे, पटलेला आहे, प्रियही आहे. आणि तरीही तो त्याच्या हातून पाळला जात नाही.

याचे सर्वांत सूक्ष्म निरीक्षण चौथ्या शतकातल्या ऑगस्टीनने केले, असे मला वाटते. हा उत्तर आफ्रिकेतला माणूस, पुढे हिप्पो नगरीचा बिशप झाला. सोळाव्या वर्षी सवंगड्यांबरोबर रात्री एका झाडाची नाशपतीची फळे चोरल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. भूक नव्हती, घरी याहून चांगली फळे होती, आणि चोरलेली बहुतेक फळे त्यांनी डुकरांपुढे टाकली. एवढ्या क्षुल्लक गोष्टीवर तो पाने खर्च करतो, याचे हसू येऊ शकते. परंतु त्याला चोरीची किंमत मोजायची नाही. आपल्याला फळ हवे नव्हते, ते करू नये हीच त्यातली गोडी होती, आणि एकटा असतो तर आपण ते केलेही नसते, हे त्याच्या लक्षात आले आणि तो हादरला. पाप म्हणजे मुख्यतः कृत्यांची बेरीज नसून माणसाचे मनच देवाकडून वळून स्वतःभोवती वाकलेले असणे, ही दृष्टी पाश्चात्त्य ख्रिस्ती परंपरेला बव्हंशी त्याच्याकडून मिळाली. आदामाचा दोष वंशपरंपरेने प्रत्येक अर्भकावर येतो, हे त्याचे पुढचे मत पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांनी (चर्चनी) तसे स्वीकारले नाही, आणि तो वाद मलाही पूर्ण सुटलेला वाटत नाही. पण मनाचा तो वाक मला रोज दिसतो, आणि तो बघण्यासाठी मला शेजाऱ्याकडे जावे लागत नाही.

आता तुझ्या आजीकडे येतो. लूकच्या शुभवर्तमानातल्या अठराव्या अध्यायात दोन माणसे मंदिरात प्रार्थनेला जातात. त्यांतला परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला माणूस, खरोखरच उपास करतो, खरोखरच दशमांश देतो; येशू त्याला खोटारडा म्हणत नाही. दुसरा, लोकांच्या तिरस्काराचा धनी असलेला जकातदार, मात्र दूर उभा राहून ऊर बडवत केवळ दयेची याचना करतो, आणि नीतिमान ठरून घरी तोच जातो. परूशाचे चांगले आचरण खोटे नव्हते. पण ते त्याने देवापुढे हक्काचा कागद म्हणून मांडले, आणि मांडता मांडता शेजारच्या माणसाला तुच्छ लेखले. तुझ्या आजीने असा कागद कधी मांडला असेल, असे मला मुळीच वाटत नाही. ती तर तुकोबांचे ते अभंग म्हणत असे, ज्यांत तुकोबा स्वतःला पतित म्हणवून पांडुरंगाच्या पायी लोळण घेतात. मला वाटते, 'पापी' या शब्दाचा तिला राग आला नसता; तिच्या वतीने तो तुला आला आहे.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण मी मुद्दाम घेतो, कारण कृपेचा अर्थ मला धर्मशास्त्राच्या ग्रंथांपेक्षा त्यांच्या चरित्रातून अधिक कळला. १८९३ मधला शारदासदनाचा, म्हणजे त्यांनी विधवांसाठी काढलेल्या शाळेतल्या मुलींच्या धर्मांतरावरून पेटलेला, वाद तुला माझ्यापेक्षा चांगला माहीत आहे. त्यात आज शिरत नाही. मला सांगायचे आहे ते त्या वादाच्या गदारोळात कोणी फारसे पाहत नाही. त्यांचा बाप्तिस्मा झाला १८८३ साली, इंग्लंडमध्ये वाँटेज येथे. त्याआधी तिथल्या ख्रिस्ती मठातल्या भगिनींनी त्यांना लंडनच्या फुलहॅम भागातले त्यांचे काम पाहायला पाठवले होते, आणि समाजाने 'पतित' म्हणून टाकून दिलेल्या स्त्रियांना तिथे प्रेमाने वागवले जाते हे पाहून रमाबाई चकित झाल्या. हे लोक असे का वागतात, असे त्यांनी विचारल्यावर एका भगिनीने त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली, विहिरीवर येशूला भेटलेल्या शोमरोनी, म्हणजे यहुदी ज्यांना तुच्छ मानत त्या समाजातल्या, स्त्रीची कथा वाचून दाखवली. त्यांचे मन ओढले गेले ते तिथे. बुद्धीची खात्री पटवली ती नीळकंठशास्त्री गोरे, म्हणजे फादर नेहेम्या गोरे, यांच्या पुस्तकाने.

इथपर्यंतची गोष्ट धर्मांतराची आहे, आणि बहुतेक लोक ती इथेच संपवतात. रमाबाईंनी स्वतः ती इथे संपवली नाही. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत, म्हणजे श्रद्धेच्या अनुभवकथनात, त्या लिहितात की, आपल्याला ख्रिस्ताचा धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता. बाप्तिस्म्यानंतर तब्बल आठ वर्षे त्या ख्रिस्ती म्हणून जगल्या, बायबल वाचत राहिल्या, त्रैक्यासारख्या (पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एकच देव) सिद्धांतांवर आपल्या गुरुस्थानी असलेल्या इंग्रज स्त्रियांशी पत्रांतून निर्भीडपणे वाद घालत राहिल्या, अमेरिका फिरून आल्या, १८८९ मध्ये शारदासदन काढले. आणि या सगळ्या काळात, त्यांच्याच म्हणण्यानुसार, त्यांचा विश्वास बुद्धीपुरता होता. १८९१ च्या सुमारास विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज पाळकाचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. हा पाळक अनेक वर्षे चर्चची सेवा केल्यानंतर १८५१ मध्ये कॉर्नवॉलमधल्या स्वतःच्याच व्यासपीठावर, स्वतःचाच उपदेश देत असताना पालटला होता. ते वाचून रमाबाईंना जाणवले की आपणही अजून काहीतरी मिळवण्याच्याच खटपटीत आहोत. मग त्यांनी, त्यांच्याच भाषेत, स्वतःचा शेवट गाठला आणि कोणतीही अट न घालता स्वतःला तारणाऱ्याच्या हाती सोपवले. इतकी वर्षे ख्रिस्त सापडला नाही यात दोष कोणाचाच नव्हता, हेही त्या आवर्जून नोंदवतात; तो आपल्याला पहिल्यापासून सांगितला गेलाच असेल, असे त्या म्हणतात.

श्रीधर, हे कोण बोलत आहे ते पाहा. पित्याच्या घरी तीर्थयात्रा, उपवास, दाने, पुराणकथन यांत बालपण घालवलेली, दुष्काळात आईवडिलांचा अंत पाहिलेली, कोलकात्यात 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळवलेली ही बाई. कष्टाने मिळवता येणारे जे काही होते ते सारे तिने मिळवले होते. त्या साक्षीत त्या लिहितात की, ब्रह्मज्ञानासाठी असंख्य जन्म घेऊन शेवटी ब्राह्मण पुरुष होईपर्यंत मला थांबायला नको होते. हे तारण कोणत्याही जातीसाठी वा लिंगासाठी राखून ठेवलेले नाही. या वाक्यात परंपरेवरचा रोष आहे, आणि तो तुला टोचेल. पण आठ वर्षांच्या ख्रिस्तीपणालाही त्यांनी हाच न्याय लावला, हे विसरू नकोस. पाण्याचा बाप्तिस्मा, शुद्ध सिद्धांत, समाजसेवा, यांपैकी कशाचाही त्यांनी देवापुढे हक्काचा कागद केला नाही.

यावर तू म्हणशील की, देवाने क्षमा करायचीच होती तर सरळ करायची होती, मध्ये वधस्तंभ कशाला? हा प्रश्न मंडळीत जुना आहे आणि त्याची उत्तरे एकाहून अधिक आहेत. आरंभीच्या शतकांत ख्रिस्ताच्या मरणाकडे मृत्यू आणि सैतान यांवरचा विजय म्हणून पाहिले गेले. अकराव्या शतकात अँसेल्मने देवाच्या अवमानित गौरवाची भरपाई असे त्याचे विवेचन केले. सोळाव्या शतकातल्या प्रॉटेस्टंट धर्मसुधारकांनी आमची शिक्षा त्याने आमच्या जागी भोगली यावर भर दिला. यांपैकी एकाच उपपत्तीला प्राचीन मतांगीकारांत, म्हणजे मंडळीच्या श्रद्धेच्या जाहीर कबुल्यांत, स्थान दिलेले नाही; तिथे एवढेच म्हटले आहे की आम्हांसाठी, पंतय पिलाताच्या कारकिर्दीत, त्याला वधस्तंभावर खिळले. मला स्वतःला ते समजते ते असे. आपल्याकडे कर्जमाफी जाहीर होते तेव्हा कर्ज हवेत विरून जात नाही. शेतकऱ्याच्या खात्यावरून उतरलेला आकडा कोणाच्या तरी दुसऱ्या खात्यावर चढतोच, मग ते सरकारचे असो वा बँकेचे. खरी क्षमा केलेल्या कोणत्याही माणसाला हे ठाऊक असते की घाव झालेल्यानेच तो पोटात घ्यावा लागतो. देवाने ती रक्कम बाहेरच्या कोणावर ढकलली नाही, स्वतःवर घेतली, असे आम्ही मानतो. ख्रिस्त देव नसून देवाने निवडलेला कोणी तिसरा निरपराध असता, तर ही सगळी गोष्ट भयंकर अन्यायाची ठरली असती. म्हणूनच त्याच्या देवत्वाचा प्रश्न आमच्यासाठी पोथीतला प्रश्न उरत नाही.

मग विश्वासाचे काय? तू लिहितोस की एखादे मत बाळगण्याला आयुष्यभराच्या सदाचारापेक्षा जास्त मोल देणे विचित्र आहे. विश्वास म्हणजे मत असेल, तर तुझे शंभर टक्के खरे आहे, आणि तुझ्या बाजूने याकोबाचे पत्रही उभे राहील, कारण एकच देव आहे असा विश्वास भुतेही धरतात आणि थरथर कापतात, असे त्याच्या दुसऱ्या अध्यायात लिहिले आहे. परंतु पौल ज्या विश्वासाविषयी बोलतो तो माणसावर टाकलेला भार आहे, एखाद्या वाक्याला दिलेली संमती नाही. इफिसकरांस लिहिताना तो कृपेने, विश्वासाच्या द्वारे तुमचे तारण झाले असे सांगून लगेच जोडतो की हे तुमच्या हातून झाले नाही, हे देवाचे दान आहे. म्हणजे विश्वास हा सदाचाराच्या जागी आणून ठेवलेला आणखी एक पराक्रम नव्हे. रमाबाईंची १८८३ आणि १८९१ या दोन सालांमधली तफावत मला नेमकी हीच वाटते.

याच प्रश्नावर सोळाव्या शतकात पश्चिमेकडची मंडळी दुभंगली. प्रॉटेस्टंट सुधारणेचा जर्मन प्रवर्तक ल्यूथर हा आधी कसोशीने व्रते पाळणारा मठवासी होता, आणि देवाचे नीतिमत्त्व हे शब्द वाचले की त्याला धडकी भरे, कारण ते शिक्षा करणारे नीतिमत्त्व आहे असे त्याला शिकवले गेले होते. रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायातल्या सतराव्या वचनावर झगडताना त्याला उमगले की देव ते नीतिमत्त्व विश्वासणाऱ्याला बहाल करतो. कॅथलिक मंडळीच्या ट्रेंट येथील परिषदेने १५४७ मध्ये त्याला उत्तर दिले. तारणाचा आरंभ कृपेनेच होतो हे तिने मान्य केले, पण माणूस त्या कृपेला सहकार्य करतो आणि प्रीतीविना विश्वास पुरा होत नाही यावर जोर दिला. साडेचारशे वर्षे दोन्ही बाजूंनी एकमेकांना शाप दिल्यावर ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या आउग्सबुर्ग येथे रोमन कॅथलिक मंडळी आणि जागतिक ल्यूथरन महासंघ यांनी एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या, आणि आपल्या कोणत्याही योग्यतेमुळे नव्हे तर केवळ कृपेने देव आपल्याला स्वीकारतो, असे एका स्वरात म्हटले. सगळे मतभेद मिटले नाहीत. तरी वसईतला माझा कॅथलिक स्नेही आणि मी या मुद्द्यावर आता भांडायला विषय शोधत बसतो, हे काही थोडे नाही.

तुझ्या मनात सगळ्यात खोल रुतलेला आक्षेप हा की, फुकट क्षमा मिळत असेल तर माणूस चांगला का वागेल. हा आक्षेप पौलाच्या हयातीतच निघाला होता; कृपा वाढावी म्हणून पाप करत राहावे काय, असे तो रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात स्वतःच विचारतो आणि झिडकारतो. यरीहोचा जक्कय आठवून पाहा. हा मुख्य जकातदार, लोकांना नाडून श्रीमंत झालेला, येशूला पाहण्यासाठी झाडावर चढला. येशूने आधी हिशेब मागितला नाही. आज मला तुझ्या घरी उतरायचे आहे, असे म्हटले. त्यानंतर जक्कय उठून उभा राहिला आणि अर्धी मालमत्ता गरिबांना व लुबाडलेल्यांना चौपट परत देण्याचे बोलला. इथे क्रम महत्त्वाचा आहे. पैसे परत केले म्हणून येशू घरी आला नाही; पण तो घरी आल्यावर पैसे घरात राहिले नाहीत. ज्याला लुबाडले त्याचे देणे क्षमेमुळे बुडत नाही, हे त्या लुबाडणाऱ्याविषयी चिडलेल्या तुला विशेष सांगावेसे वाटते. परतफेड नको, पश्चात्ताप नको, फक्त समाधान हवे, असल्या कृपेला जर्मन धर्मशास्त्रज्ञ बोनहोफरने 'स्वस्त कृपा' म्हणून धिक्कारले. आणि हिटलरविरोधी कटातल्या सहभागापायी १९४५ च्या एप्रिलमध्ये तो फासावर गेला.

रमाबाईंकडे पाहिले तरी तेच दिसते. कमावण्याची खटपट सोडल्यावर त्या स्वस्थ बसल्या असत्या, तर तुझा आक्षेप मी मान्य केला असता. झाले उलटे. त्यांच्या आयुष्यातले सर्वांत अवघड काम १८९१ नंतरचे आहे: १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली आणि विधवांना शोधून आणणे, केडगावच्या माळावर मुक्तिसदन उभे करणे, तिथेच टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन चालवणे, आणि मूळ हिब्रू व ग्रीक भाषा शिकून साऱ्या बायबलचे मराठी भाषांतर हाती घेणे, जे त्यांनी १९२२ मध्ये मृत्यूपर्यंत सोडले नाही.

राहिला तो शेवटच्या घटकेचा पापी. येशूच्या शेजारी खिळलेल्या चोराला परतफेडीची संधीच नव्हती, आणि त्याला त्याच दिवसाचे सुखलोक मिळाले, हे मी नाकारणार नाही. तुझी चीड येशूला माहीत होती, म्हणून तर मत्तयाच्या विसाव्या अध्यायातल्या द्राक्षमळ्यात दिवसभर उन्हात राबलेले मजूर शेवटच्या तासाला आलेल्यांना सारखीच मजुरी मिळालेली पाहून कुरकुरतात. त्यांना ठरल्याहून एक पैसाही कमी मिळालेला नाही. ही गोष्ट मला अजूनही पुरती पचत नाही. आपण पहाटेचे मजूर आहोत असे धरूनच आपण ती वाचतो, एवढे मात्र माझ्या लक्षात आले आहे.

तुझी आजी आणि माझी श्रद्धा यांत अंतर नाही, असे म्हणून मला तुला खूश करायचे नाही. आमचे रेव्हरंड नारायण वामन टिळक, ज्यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि ज्यांची पुढची बरीच वर्षे याच नगरात गेली, ते आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो असे सांगत. पूल खरा आहे. आपल्या कर्तृत्वाने काही होत नाही, शरण जावे लागते, हे वारकऱ्याला ख्रिस्ती माणसाने शिकवण्याची गरज नाही. परंतु टिळक पुलावर थांबले नाहीत, आणि मी त्या पलीकडच्या तीरावर जन्मलो. आमची सगळी आशा एका विशिष्ट काळी, एका रोमी सुभेदाराच्या अमलात घडलेल्या मरणावर आणि तिसऱ्या दिवशीच्या उठण्यावर टांगलेली आहे; ते घडले नसेल तर आमचा विश्वास व्यर्थ आहे, असे पौलाने करिंथकरांना बजावले आहे. मग ज्यांच्यापर्यंत हे पोहोचले नाही त्यांचे काय, असे तू विचारणारच. कॅथलिक मंडळीच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये म्हटले की, आपला दोष नसता ज्यांना शुभवर्तमान ठाऊक नाही पण जे प्रामाणिकपणे देवाला शोधतात, त्यांनाही तारण मिळू शकते. प्रॉटेस्टंटांत यावर तीव्र मतभेद आहेत. तुझ्या आजीचा निवाडा माझ्याकडे नाही, आणि ज्याच्याकडे आहे तो माझ्याहून कनवाळू आहे, यावर माझा भरवसा आहे.

तुला वाचायचे असेल तर लूकचा पंधरावा आणि अठरावा अध्याय आधी वाच आणि मग रोमकरांस पत्र, पहिल्यापासून आठव्यापर्यंत, एका बैठकीत. पंधराव्यात घरचे धन उडवून परतलेल्या उधळ्या पुत्रापेक्षा त्याच्या थोरल्या भावाकडे लक्ष दे. तो कधी घर सोडून गेला नाही, त्याने कधी आज्ञा मोडली नाही, आणि मेजवानीच्या वेळी तोच अंगणात रागावून उभा आहे. बाप त्याचीही समजूत घालायला बाहेर येतो, पण तो आत गेला की नाही हे येशूने सांगितलेले नाही. आक्षेप सुचतील ते असेच न गाळता लिहून पाठव. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
दानिएल